कोसमटोल्याचं मैदान

चिठ्ठी आली तेव्हा लच्छू मडावी सागवानाच्या थप्पीवर उभा राहून खालच्या हमालांवर ओरडत होता. डेपोचे बाबू गुणवंतराव धोतराचा सोगा हातात धरून धावत आले. गुणवंतरावांना धावताना कोसमटोल्यात आजवर कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे लच्छूला आधी वाटलं, जंगलात कुठंतरी आग लागली.

"लच्छू, खाली उतर! आपलं नाव आधी निघालं!"

"कायच्यात?"

"कपाच्या सोडतीत! जबलपूरवाले इथी येऊन राह्यले खेळाले. आपल्याकडं!"

लच्छूनं वरूनच उडी मारली.

राष्ट्रीय फुटबॉल चषकाचं ते दुसरंच वर्ष होतं, १९५५ सालचं. जिंकला तो पुढं, हरला तो घरी, अशी ती स्पर्धा. ज्या संघाचं नाव सोडतीत आधी निघेल त्याच्या मैदानावर सामना, असा तिचा नियम. पहिल्या वर्षी कोसमटोला डेपोचं नाव दुसरं निघालं होतं आणि सामना पडला होता कानपूरला. लिलावाच्या हंगामात लाकूड डेपोतल्या अकरा माणसांना आठ दिवसांची सुट्टी कोण देणार? तेव्हाच्या साहेबांनी नाही म्हटलं, आणि बॉलला पाय न लावता टीम बाहेर झाली. वर्तमानपत्रात एक ओळ आली होती: कोसमटोला अनुपस्थित. लच्छूला वाचता येत नव्हतं. त्यानं ती गुणवंतरावांकडून तीनदा वाचून घेतली.

"अनुपस्थित म्हंजे काय, भाऊ?"

"आले नाईत."

"आले नाईत असं काऊन लिवलं? येऊ नाई देल्लं, असं लिवाले पायजे होतं."

ती ओळ वर्षभर त्याच्या डोक्यातून गेली नाही. लच्छू बत्तीस वर्षांचा, डेपोचा मुकादम आणि टीमचा कप्तान. मैदानाच्या मधोमध, सेंटर हाफच्या जागेवर तो खेळायचा. यंदा त्याच्या टीमनं चांद्याच्या कोळसा खाणीवाल्यांना हरवलं, मग नागपूरच्या एका गिरणीच्या टीमला हरवलं, आणि आता देशातल्या शेवटच्या सोळा संघांत ती जाऊन बसली होती. समोर होती जबलपूरची नर्मदा स्पोर्टिंग. मागल्या वर्षी ती उपांत्य फेरीपर्यंत गेलेली.

गुणवंतरावांनी चिठ्ठीचा उरलेला भाग वाचला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. सामना दहाव्या दिवशी. त्याच्या दोन दिवस आधी चांद्याहून एक अधिकारी मैदान पाहायला येणार. मैदान सपाट, पूर्ण मापाचं, दोन्हीकडे गोलाचे खांब आणि चारी बाजूंनी दोर. तसं नसेल तर सामना जबलपूरला.

दोघांनी एकाच वेळी मागं वळून पाहिलं. डेपोची टीम खेळायची ती पावसाळ्यात, डेपो रिकामा असताना. आता फेब्रुवारी होता. जिथं मैदान होतं तिथं सागवानाच्या दीडशेवर थप्प्या लागल्या होत्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच.

नवे रेंजरसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी लच्छूचं सगळं ऐकून घेतलं.

"थप्प्या हलवायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण लिलाव पंधरा दिवसांवर आहे. थप्पी ज्या क्रमानं आहे त्याच क्रमानं पुन्हा लागली पाहिजे. आणि दिवसाचं काम थांबता कामा नये. जे करायचं ते आपल्या वेळात करा."

"करतो, साहेब."

"आठ दिवसांत? लच्छू, कितीक लाकूड आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

लच्छूला ठाऊक होतं. म्हणूनच तो लगेच माणसं गोळा करायला बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी फटफटताच अकरा खेळाडू आणि वीस-पंचवीस हमाल कामाला लागले. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना क्रमानं थप्प्या लावत जायचं ठरलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. गोलकीपर पोचू आत्राम एकटा दोघांचं काम करायचा. तरी चौथ्या दिवशी संध्याकाळी मोजलं तर तिसरा हिस्सासुद्धा हलला नव्हता. माणसं थकून लाकडांवर बसली.

लच्छूची बायको सुकरी पाण्याची घागर घेऊन आली होती. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यानं बैलगाड्या चालल्या होत्या. महाशिवरात्र जवळ आली होती आणि गावोगावची माणसं मार्कंड्याच्या जत्रेला निघाली होती. गाडीत बायका, पोरं, पोत्यात तांदूळ, वर कापडाची सावली.

सुकरीनं घागर खाली ठेवली आणि ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

पहिली गाडी दादाजी वाढई नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. त्यांची पांढरी जोडी साऱ्या धानपट्ट्यात नावाजलेली. त्यांनी कासरा ओढला.

"काय झालं वो बाई? बाजूले हो."

"बैल पायजेत, भाऊ. एका दिवसासाठी."

"माह्ये बैल? कायले?"

सुकरीनं सांगितलं. फुटबॉल म्हणजे काय हे दादाजींना नीट कळलं नाही. पण जबलपूरहून माणसं येणार आहेत आणि अंगण मोकळं नसलं तर ती आपल्याला तिकडं बोलावतील, आणि मागल्या वर्षी आपल्याला घराबाहेरही पडू दिलं नव्हतं, हे त्यांना कळलं.

"म्हंजे पाव्हणे येऊन राह्यले आन् बसाले जागा नाई, असंच ना?" त्यांनी मागं वळून बायकोला विचारलं, "काय वो, एक दिवस उशिरा गेलो तं महादेव रागावन का?"

"त्याच्याकडं नंदीच हाये," म्हातारी म्हणाली. "बैलाचं काम त्याले समजते."

दादाजींनी जू उतरवलं. मागच्या गाड्या आपोआप थांबल्या. कोणी विचारायचं, कोणी सांगायचं, आणि सांगता सांगता आणखी एक जोडी सुटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत चौतीस जोड्या होत्या. साखळ्या लाकडांना अडकल्या, बैलांच्या माना खाली गेल्या, आणि जी लाकडं हलवताना सहा सहा माणसांची कंबर मोडत होती ती जमिनीवरून सरकत चालली. हमाल दिवसाच्या कामावर गेले की गाडीवानच बैल हाकत. गुणवंतराव हातात यादी घेऊन सगळ्यांच्या मधून पळत होते आणि थप्पीचा नंबर ओरडत होते. जत्रेकरू बायकांनी तिथंच चुली मांडल्या. एका दिवसाचे दोन दिवस झाले, पण कोणी गाडी जुंपली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शेवटच्या रांगेतला एक जाड सोट साखळीतून निसटला आणि उतारानं दादाजींच्या बैलांच्या पायांवर गडगडत निघाला. लच्छू जवळच होता. त्यानं हातातली पहार सोटाखाली खुपसली. सोट तिरपा झाला, बैल वाचले, पण वळताना तो लच्छूच्या डाव्या पायावरून गेला.

वैदूनं पाय दाबून पाहिला. दोन बोटं मोडली होती. त्यानं पाला ठेचून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "महिनाभर जमिनीवर टेकू नको."

"चार दिवसांनं खेळाचं हाये मले," लच्छू म्हणाला.

वैदूनं कामट्यांची गाठ आणखी एकदा आवळली.

लाकडं हलली, पण खाली जे निघालं ते पाहून पोचूनं डोक्याला हात लावला. साखळ्यांनी ओढलेले चर, सालपटं, खड्डे. पावसाळ्यातलं गवत कुठल्या कुठं गेलेलं. पाहणीला आता दोन दिवस उरले होते.

तेव्हा सोनीबाई आली. ही गावातली म्हातारी विधवा. धान मळायचं खळं तयार करायचं असलं की आजूबाजूची चार गावं तिलाच बोलावत. काठी टेकत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली.

"घाबरून काऊन राह्यले?" ती म्हणाली. "खळंच तं हाये. मोठं हाये, एवढंच."

मग पुरुष बाजूला झाले आणि बायका पुढं आल्या. डेपोच्या, गावच्या, जत्रेच्या गाड्यांतल्या. बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, चिकणमाती टोपल्यांनी आली. शेण आलं, पाणी आलं. खड्डे भरून जमीन चोपायच्या धुमसानं ठोकले. सागवानाचा एक गोल ओंडका दोन्ही टोकांना साखळी बांधून बैलांकडून फिरवला, तो रोलर झाला. सोनीबाई मधूनच वाकायची, जमिनीवर लोटाभर पाणी सोडायची आणि ते कुठं जातं ते पाहायची. पाणी साचू नये म्हणून तिनं नदीच्या बाजूच्या कोपऱ्याकडं किंचित उतार ठेवला. डोळ्यांना तो दिसतही नव्हता. लच्छू काठीवर रेलून दिवसभर तिच्या मागं मागं होता. बसवत नव्हतं त्याला.

चांद्याचे अधिकारी आले, त्यांनी फीत धरून माप घेतलं. बॉल उंच फेकून पाहिला. वाकून जमिनीवर तळहात फिरवला.

"रोलर कुठून आणला?" त्यांनी विचारलं.

गुणवंतरावांनी ओंडका दाखवला. अधिकाऱ्यांनी तो ओंडका पायानं ढकलून पाहिला. मग त्यांनी कागदावर सही केली.

त्या संध्याकाळी गुणवंतराव खेळाडूंची यादी घेऊन लच्छूकडं आले. पहिल्या नावाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

"लिवा माह्यं नाव," लच्छू म्हणाला. "पट्टी घट्ट बांधतो. होते."

सुकरी दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या झाडापर्यंत पळून दाखवा."

लच्छू उठला. चार पावलं गेला. पाचव्या पावलाला त्याच्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि तो कुडाला धरून उभा राहिला. तिथंच उभा राहून तो थोडा वेळ रडला, आवाज न करता. बदली खेळाडू घ्यायची पद्धत तेव्हा नव्हती. एकदा उतरलेला माणूस पडला तर टीम दहावरच खेळायची. तो परत आला तेव्हा त्यानं तोंड पुसलेलं होतं.

"लटारूचं लिवा," तो म्हणाला.

लटारू गेडाम डेपोच्या आरागिरणीत लाकूड चिरायचा. वय चाळीस, पोट पुढं आलेलं. दोन वर्षांपूर्वीच त्यानं खेळणं सोडलं होतं. बाराव्या नावाला कोणी हवा म्हणून गुणवंतरावांनी त्याला यादीत घातलं होतं. निरोप मिळाल्यावर तो धावतच आला आणि धाप लागल्यामुळे बराच वेळ बोलू शकला नाही.

"मस्करी करून राह्यला का, लच्छू? माह्याच्यानं एक चक्कर नाई होत."

"तुले खेळ समजते, लटारूभाऊ. धावाचं काम बाकीचे करतीन. तू फक्त मधात उभा राह्य."

नर्मदा स्पोर्टिंग छोट्या रेल्वेनं मूल गावच्या स्टेशनात उतरली आणि तिथून लाकडाच्या ट्रकमधून धूळ खात आली. त्यांचा कप्तान बिरजू नावाचा उंच, हसऱ्या चेहऱ्याचा गडी होता. बूट बांधायच्या आधी त्यानं मैदानावरून अनवाणी एक फेरी मारली.

सामन्याच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या थप्प्यांवर माणसंच माणसं होती. मार्कंड्याला जाणारी आणि जायची थांबलेली, जंगलातल्या गावांतून पहाटे निघून आलेली. दादाजी आपल्या जोडीसकट दोराला टेकून उभे होते. डेपोच्या अकरांपैकी सात जण अनवाणी होते. त्या वर्षी स्पर्धेत बुटांची सक्ती नव्हती.

शिट्टी झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत बिरजूनं लटारूला दोनदा मागं टाकलं. पहिल्यांदा पोचूनं पायांत झेप घेऊन बॉल अडवला. दुसऱ्यांदा बिरजूनं तो पोचूच्या डोक्यावरून अलगद जाळ्यात टाकला. लटारू गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. कोणीतरी वरून ओरडलं, "त्याले बसाले पिढं द्या रे!" आणि लोक हसले. लच्छू दोराबाहेर ओंडक्यावर बसला होता. त्याला ते हसणं स्वतःच्या अंगावर आल्यासारखं वाटलं.

पण तो बॉलकडं पाहत होता. डेपोची पोरं पावसाळ्यातल्या ओल्या गवताच्या सवयीनं उंच उंच मारत होती. कडक जमिनीवर पडून बॉल टप्प्यानं बाहेर जात होता. नर्मदावाल्यांचंही तेच होत होतं. फक्त त्यांच्याकडं बिरजू होता.

हाफटाइमला शून्य-एक. खेळाडू त्याच्याभोवती येऊन बसले.

"हवेत मारनं बंद," लच्छू म्हणाला. "हे खळं हाये. खळ्यावर दाना कसा घरंगळते? तसा बॉल घरंगळू द्या. आता आपल्याले नदीकडच्या गोलात माराचं हाये. सोनीबाईनं पानी त्या कोपऱ्याकडं काढलं. बॉल जमिनीवरून सोडला तं तो स्वतःच तिकडं पळते. झाडू, तू मांगं पाहूच नको. कोपऱ्याकडं धावत सुट. बॉल तुह्यापाशी येते."

मग तो लटारूकडं वळला. "आन् भाऊ, तू त्या बिरजूच्या मांगं धावू नको. तो जिथी जाईन तिथी तू आधीच जाऊन उभा राह्य. आरागिरणीत लाकूड फाटाच्या आधी तुले समजते ना, चीर कुठी जाते?"

लटारूनं घाम पुसला. "समजते," तो म्हणाला.

दुसऱ्या हाफमध्ये खेळ दुसराच झाला. बिरजू डावीकडून आला तर लटारू तिथं होता. उजवीकडून आला तरी लटारू तिथंच. तो धावत नव्हता, चार पावलं टाकत होता, पण ती चार पावलं बरोबर पडत होती. विसाव्या मिनिटाला त्यानं बिरजूच्या पायातून बॉल काढला आणि जमिनीला चिकटवून पुढं सोडला. बॉल सरसरत निघाला. नर्मदाच्या बचाववाल्याला वाटलं तो सरळ बाहेर जाईल, म्हणून त्यानं सोडून दिला. बॉल हळूच कोपऱ्याकडं वळला. झाडू कोवे, डावीकडचा बारकासा अनवाणी गडी, खरोखरच मागं न पाहता धावत होता. त्यानं बॉल पायात घेतला, आत वळला आणि मारला. एक-एक.

थप्प्यांवरून जो आवाज उठला त्यानं दादाजींचे बैल बुजले.

मग दहा मिनिटं नर्मदावाल्यांनी श्वास घेऊ दिला नाही. त्यातच डेपोच्या एकाच्या हाताला गोलासमोर बॉल लागला आणि पंचानं पेनल्टी दिली. बिरजूनं बॉल ठेवला. पोचू दोन खांबांच्या मधे हात पसरून उभा राहिला. सोनीबाईनं डोळे मिटून घेतले. बिरजूनं जोरात, जमिनीलगत मारला. पोचू उजवीकडं आडवा पडला, बॉल त्याच्या मनगटाला लागून खांबावर आपटला आणि बाहेर गेला. पोचू उठला नाही. तो तसाच पडून हसत होता.

पाच मिनिटं उरली असतील. डेपोला कॉर्नर मिळाला. झाडूनं नदीकडच्या कोपऱ्यात बॉल ठेवला. सगळे गोलासमोर गेले. लटारू मात्र मधेच उभा होता, पुढं जावं की मागं राहावं अशा विचारात.

लच्छू एका पायावर उभा राहिला. "जा, भाऊ! जा समोर!"

लटारू निघाला. पोट हलवत, तोंड उघडं टाकून, चाळीस वर्षांचा तो माणूस अर्धं मैदान धावला. झाडूनं बॉल उंच टाकला. गर्दीतल्या सगळ्यांनी आधीच उड्या मारल्या होत्या आणि ते खाली येत होते. लटारू सगळ्यांच्या मागून आला. त्यानं उडी मारली असं म्हणता येणार नाही, पण त्याचं कपाळ बॉलखाली बरोबर आलं. बॉल आत गेला आणि त्याच्या मागोमाग लटारूही जाळ्यात जाऊन पडला.

शेवटची शिट्टी कोणाला ऐकूच आली नाही. पंचांनी हात वर केले तेव्हा लोक दोर तोडून आत घुसले. लटारूला उचलायला आठ माणसं लागली. तो वरून सारखं ओरडत होता, "लच्छूले उचला! मले नाई, लच्छूले!" पण त्याचं ऐकायला कोणाला सवड नव्हती. शेवटी पोचूनंच लच्छूला पाठीवर घेतलं आणि मैदानाच्या मधोमध नेऊन उतरवलं. आजच्या दिवसात त्या मातीवर तो पहिल्यांदाच उभा राहिला. एका पायावर.

बिरजू गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं लच्छूचा हात धरला.

"हार गए, भाई. मगर मैदान बहुत बढ़िया है. किसने बनाया?"

लच्छूनं बोट दाखवलं. दोराजवळ बायकांचा घोळका होता. शेणामातीनं त्यांच्या नखांच्या कडा अजून हिरव्या होत्या. बिरजूला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो तिकडं गेला आणि सोनीबाईला वाकून नमस्कार केला.

"येवढ्या दुरून आला, उपाशी जाऊ नको," सोनीबाई त्याला म्हणाली.

गुणवंतराव तार करायला सायकलीवर मूलला निघाले होते. ते थांबले आणि लच्छूजवळ आले. "काय लिवू, लच्छू? दोन-एक लिवतो. आखीन काई?"

लच्छूनं तोल सावरायला पोचूचा खांदा धरला.

"लिवा, कोसमटोला उपस्थित."

गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि सायकलीच्या सीटवर ठेवून तसंच लिहिलं.

पुढं मार्चमध्ये कोसमटोला देशातल्या शेवटच्या आठांत कलकत्त्याला खेळला. रेंजरसाहेबांनी स्वतः सुट्टी मंजूर केली. तिथं ते तीन-दोननं हरले. पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी ऊन उतरल्यावर लोक पांगायला लागले तेव्हा सोनीबाई काठी टेकत मैदानावर फिरत होती. बुटांच्या खिळ्यांनी पडलेली भोकं पाहून ती पुटपुटत होती. मग तिनं काठी बाजूला टाकली आणि सुकरीचा हात धरला. सुकरीनं दुसरीचा धरला. एकेक करत बायकांची साखळी झाली, आणि सोनीबाईच्या खरखरीत आवाजात रेला सुरू झाला, हात धरून नाचायचं गोंडी गाणं. जत्रेच्या गाड्यांतल्या बायकांना ते शब्द येत नव्हते, तरी त्या येऊन जोडल्या गेल्या. दादाजींची म्हातारीही गेली.

लच्छू मधे बसला होता, मोडका पाय लांब करून. त्याच्याभोवती पावलं पडत होती, सगळी एका तालात, आणि जमीन कुठंही दबत नव्हती.